एकोणीस पिवळ्या पिशव्या

यातलं एक अक्षरही कुणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रंगनाथ आळतेकराबद्दल जे जे सांगितलं जातं त्यावर मिरजेत कुणीच विश्वास ठेवत नाही, आणि त्याला जबाबदार तो स्वतःच आहे.

पस्तीस वर्षं तो एका औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांकडं औषधं खपवत हिंडणारा माणूस होता. काळी बॅग, कडक इस्त्रीचा शर्ट आणि दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसून बसून कमावलेली एक कला: थापा. बेडगच्या एका म्हशीला त्यानं म्हणे खोकल्याचं औषध पाजलं, तर तिचं हंबरणं दोन सूर वर चढलं आणि एक तंबोरेवाला पुढं सहा महिने तिच्या आवाजावर तारा जुळवत होता. "आता हे तुम्हाला खरं वाटायचं नाही," अशी त्याची सुरुवात असायची. शेवटी कुणी हसलंच, तर दुखावल्यासारखं तोंड करून तो म्हणायचा, "तंबोरेवाल्याचा पत्ता देऊ का?"

त्याची थाप पकडू शकणारं अख्ख्या गावात एकच माणूस होतं. छातीच्या डॉक्टर कुमुद उपाध्ये. शेवटचा पेशंट गेला की बाई चहा मागवायच्या, पेन्सिल हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हं, आळतेकर. सोडा." खेळाचा नियम ठरलेला होता. थापेतलं खोटं नेमकं कुठं आहे ते बाईंनी पकडायचं. पकडलं, तर आळतेकरानं आपल्या औषधाबद्दल एक शब्द न बोलता निघून जायचं. नाही पकडलं, तर बाईंनी त्याचं दहा मिनिटं ऐकून घ्यायचं.

म्हशीची गोष्ट संपायच्या आत बाईंची पेन्सिल टेबलावर टक्‌ करून वाजली होती. "खोटं!"

"म्हैस?"

"म्हैस खरी. तंबोरेवालाही खरा असणार. औषध तुमच्या कंपनीचं होतं म्हणालात ना, ते खोटं. तुमच्या औषधानं माणसाचा खोकला हलत नाही, म्हशीचा सूर कुठला बदलतोय!"

औषध खरंच दुसऱ्या कंपनीचं होतं.

"तुमची गंमत सांगू?" बाई एकदा म्हणाल्या होत्या. "तुमच्या गोष्टीतली भुतं, वादळं, म्हशी सगळी खरी निघतात. खोटं असतं ते एखादं बारकं, साधं वाक्य. कुणी बघू नये म्हणून तुम्ही ते घाईघाईनं पुढं ढकलता. मी फक्त तेवढ्याचीच वाट बघते."

पस्तीस वर्षांत तो एकदाही जिंकला नाही. त्यामुळं आळतेकराच्या कंपनीच्या एकाही औषधाची माहिती बाईंनी त्याच्या तोंडून कधी ऐकली नाही.

*

ही गोष्ट आहे सन २०४१ची. श्वसनविज्ञान परिषद त्या वर्षी सांगली-मिरज रस्त्यावरच्या नव्या सभागृहात भरली होती. व्याख्यानं वरच्या मजल्यावर, प्रदर्शन खाली. शास्त्रज्ञ वर जायचे ते पायऱ्यांनी, आणि पायऱ्या मुद्दाम अशा ठेवलेल्या, की बेचाळीस स्टॉल ओलांडल्याशिवाय कुणालाही वर जाता येऊ नये. गळ्यातले बिल्ले कानात कुजबुजायचे, "डॉक्टर, आपण अजून सात स्टॉलना भेट दिलेली नाही." प्रत्येकाच्या हातात एक पुस्तिका होती. स्टॉलवर गेलं की शिक्का मिळायचा. सगळे शिक्के जमवणाऱ्यांची सोडत निघणार होती आणि बक्षीस होतं हातभर लांबीचा, पण खराखुरा वाजणारा मिरजेचा तंबोरा. त्यापायी मोठमोठे प्राध्यापक शिक्क्यासाठी धक्काबुक्की करत होते.

मुख्य प्रायोजक होती अनिलवेध नावाची कंपनी. कमानीवर अनिलवेध, बिल्ल्याच्या फितीवर अनिलवेध, जेवणाच्या कागदी रुमालावर अनिलवेध. तिचं यंत्र म्हणजे 'फुंकर'. आणि फुंकर बनवणारी मुख्य अभियंता होती केतकी आळतेकर, रंगनाथची एकुलती एक मुलगी. निवृत्त बापाला तिनंच स्टॉलवर उभं केलं होतं. "बाबा, तू फक्त बोलत राहा," ती म्हणाली होती. "माणसं आपोआप थांबतील."

माणसं थांबली. पहिल्याच दिवशी दोनशे चौदा जणांनी नळीत फुंकलं.

"या डॉक्टर, या! आपण श्वास सोडतो म्हणजे नुसती हवा सोडतो असं वाटतं तुम्हाला?" आळतेकराची टकळी चालू होती. "साखर फार बिघडली की श्वासाला पिकल्या फळाचा वास येतो, हे तुम्हीच पेशंटना सांगता. मूत्रपिंड थकलं की नवसागरासारखा येतो. मग बाकीचे रोग काय मुके आहेत होय? तेही बोलतात. आपल्या नाकाला कमी ऐकू येतं, इतकंच."

आणि ते खरं होतं. शरीरातली पेशी बिघडली की तिचं जळण बदलतं, आणि जळण बदललं की धूरही बदलतो. तो धूर रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो, अब्जावधी रेणूंमागे एखादा, इतका थोडा. फुंकरच्या नळीत तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती होती. तिच्यावर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे बत्तीस पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यावर निराळा लेप. ज्या लेपाला जो रेणू मानवेल तो त्याला चिकटायचा, पट्टा केसाच्या हजाराव्या भागाइतका फुगायचा आणि त्यातून वीज किंचित अडखळत जायची. बत्तीस पट्ट्यांचं बत्तीस प्रकारचं अडखळणं मिळून त्या माणसाच्या श्वासाचा एक ठसा बनायचा. रोग ज्यांचा आधीच सिद्ध झाला होता अशा सव्वा लाख माणसांचे ठसे यंत्राच्या पोटात होते. नवा ठसा त्यांच्याशी ताडून बघायचा, बस्स. ज्या वयात गाठ मोहरीएवढी असते आणि कुठल्याही फोटोत दिसत नाही, त्या वयात फुंकरला ती हुंगता यायची.

फुंकलं, की समोरच्या पडद्यावर एक हिरवं पान उमलायचं. खाली अक्षरं: मोकळा श्वास! माणूस खूष होऊन शिक्का घेऊन जायचा. सगळ्यांचंच पान हिरवं. स्टॉलमागं आळतेकराच्या हातात एक छोट्या पडद्याची पाटी होती, तिच्यावर मात्र कुणाकुणाच्या नावापुढं निळा ठिपका उमटायचा. ठिपका कशाचा, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाटीवर वर लिहिलं होतं 'पाठपुरावा', आणि जन्मभर एमआरकी केलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? पाठपुरावा म्हणजे गळाला लागलेलं गिऱ्हाईक. नळीत फुंकताना माणसाची उत्सुकतासुद्धा यंत्राला कळत असेल, असं त्यानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं, आणि लेकीच्या हुशारीचं कौतुक करत कामाला लागला.

गिऱ्हाइकाला खास वागणूक द्यायची, ही त्याची जुनी सवय. सगळ्यांना वाटायला पांढऱ्या कापडी पिशव्या होत्या. पाहुण्यांसाठी म्हणून पंचवीस पिवळ्या, चेन लावलेल्या, जरा भारी पिशव्या टेबलाखाली होत्या. निळा ठिपका दिसला की आळतेकर डोळा बारीक करून टेबलाखाली हात घालायचा. "ही तुम्हाला. कुणाला सांगू नका."

दुपारपर्यंत पिवळ्या पिशवीची कीर्ती झाली. गडहिंग्लजचे प्राध्यापक कित्तूरकर पांढरी पिशवी परत घेऊन आले. "आम्ही काय घोडं मारलंय? आम्हाला पिवळी का नाही?"

"सर, तुमच्यात ती गोष्ट नाही," आळतेकर म्हणाला.

"कसली गोष्ट?"

"ओढ, सर. आमच्या यंत्राबद्दल ओढ."

कित्तूरकर पुन्हा रांगेत उभे राहिले आणि ओढ दाखवण्यासाठी एवढ्या जोरानं फुंकले, की नळीचं टोक उडून शेजारच्या स्टॉलवरच्या भडंगाच्या परातीत पडलं. तरी ठिपका आला नाही. तिकडं मालिशखुर्चीच्या स्टॉलवर लातूरचे एक सर्जन शिक्क्यांची पुस्तिका तोंडात धरूनच झोपी गेले होते. तीन स्टॉलवाल्यांनी येऊन त्यांच्या तोंडातच शिक्के मारले. आळतेकर हे सगळं मनात साठवत होता. वर्षभर पुरेल एवढा माल होता.

साडेचारला कुमुदबाई आल्या. बहात्तर वर्षांच्या, काठी नको म्हणणाऱ्या, परिषदेच्या शास्त्रीय समितीच्या अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी जेवणाआधीची वीस मिनिटं मुख्य प्रायोजकाची होती, आणि तेव्हा व्यासपीठावर बाई स्वतः फुंकर वापरून दाखवणार होत्या.

"तुमच्या कंपनीच्या त्या कोटवाल्या पोरांकडून नळी घेणार नाही मी," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्ही उभं राहायचं, आळतेकर. प्रायोजकाचं भाषण म्हणजे तशी थापच. मग थाप मारणारा तरी आपल्या ओळखीचा असू दे."

"बाई, आज पकडून दाखवा. आता हे तुम्हाला खरं वाटायचं नाही, पण..."

"उद्या. आधी तुमची नळी बघू."

बाईंनी फुंकलं. पान उमललं. आळतेकराच्या पाटीवर टप्‌ करून निळा ठिपका आला आणि तो लहान पोरासारखा हसला. पस्तीस वर्षं जिनं त्याच्या एका औषधाला भीक घातली नाही, ती बाई गिऱ्हाईक झाली होती!

"अखेर गळाला लागलात की, बाई," असं म्हणून त्यानं पिवळी पिशवी त्यांच्या हातात ठेवली. एकोणिसावी.

*

पाच वाजता स्टॉलवर चादरी पडायला लागल्या. केतकी वायरी गुंडाळत होती.

"अगं, कुमुदबाईंनासुद्धा ठिपका!" आळतेकर म्हणाला. "गिऱ्हाईक ओळखावं ते तुझ्या यंत्रानं."

केतकीचे हात थांबले. "पाटी बघू."

तिनं नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं. खुर्ची ओढून ती खाली बसली.

"बाबा, निळा म्हणजे गिऱ्हाईक नव्हे."

"मग?"

"ठसा जुळला."

"कशाशी?"

बारा वर्षांपूर्वी केतकी कॉलेजात होती, तेव्हा इस्पितळातल्या खाटेशेजारी बसून तिनं प्रकल्पासाठी म्हणून एका बाईचा श्वास प्लास्टिकच्या फुग्यांमध्ये भरून घेतला होता. यंत्राच्या पोटातला पहिला ठसा तोच. आळतेकराला ते आठवलं, आणि मग उत्तराची गरज उरली नाही.

"आईच्या," केतकी तरीही म्हणाली.

त्याची बायको हिराबाई खोकत होती, तेव्हा हवा बदललीय म्हणून आळतेकरानं तिला आपल्याच बॅगेतले नमुने पाजले होते. अकरा आठवडे. सोबत एखादी थापही. ती हसायची आणि हसता हसता खोकायची. शेवटी कुमुदबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, तेव्हा गाठ दिसली. त्या दिवशी त्यांनी पेन्सिल हातात घेतली नाही.

"आणि पान?" त्यानं विचारलं. "सगळ्यांना हिरवं पान दाखवतोय आपण."

"मी नुसतं 'धन्यवाद' लिहायचं म्हणत होते. मोकळा श्वास वगैरे वरच्यांनी घातलं. प्रदर्शनात कुणाला लाल पान दाखवलं तर स्टॉलवर कोण येईल, म्हणाले." केतकीचा आवाज खाली गेला. "बाबा, यंत्राला अजून परवाना नाही. परवाना नसलेल्या यंत्राचा निकाल कुणाला सांगणं हा गुन्हा आहे, आणि तो नियम काही वेड्यांनी केलेला नाही. एकोणिसांतले सहा-सात जण ठणठणीतही असतील. ठिपका म्हणजे रोग नाही, संशय आहे."

"मग संशय म्हणूनच सांगू की."

"सहा आठवड्यांनी परवान्याची सुनावणी आहे. परवाना मिळाला की एकोणिसांनाही फोन जातील. यादी बघ, पाटीवरूनही गेली, संध्याकाळी कुलूप लागतं; आता माझ्याकडंही उघडत नाही. आज आपण तोंड उघडलं तर फुंकर कपाटात जाईल, दहा वर्षं. दर वर्षी किती हिराबाई मरतात माहीत आहे तुला?"

"सहा आठवडे," आळतेकर म्हणाला. "तुझ्या आईला मी अकरा लावले."

केतकीनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "तू थापा मारतोस, बाबा. पण आईची शपथ मोडत नाहीस. घे शपथ. फुंकरच्या निकालाबद्दल कुणाजवळ एक शब्द बोलणार नाहीस."

फुंकरच्या मागं लागल्यापासूनच्या सात वर्षांत तिचे केस कानाजवळ पांढरे झालेले त्याला दिसले.

"घेतली," तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात शिरताना त्याला फक्त पिशव्या दिसल्या.

माणसांचे चेहरे दिसेचनात. चहाच्या रांगेत एक पिवळी. पोस्टरसमोर एक पिवळी, तिच्यात खाऊचा डबा. जिन्यावरून एक पिवळी वर चालली होती, आणि ती धरणारी मुलगी तिशीचीसुद्धा नव्हती, कुणाशी तरी फोनवर हसत होती. काल त्यानं स्वतःच्या हातानं एकेकाला खूण लावली होती. पेनानं कपाळावर लिहिल्यासारखीच. त्यांची नावं त्याला आठवत नव्हती. नावं कुलपात होती आणि खुणा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हिंडत होत्या. आणि एकालाही त्या वाचता येत नव्हत्या.

कुमुदबाई दाराशी भेटल्या. पिवळी पिशवी खांद्याला.

"बाई, छातीचा एक फोटो काढून घ्या की," तो बोलून गेला.

"कशापायी?"

"वय झालं, बाई."

"तुमचं झालं असेल. जन्मभर दुसऱ्यांच्या छात्या बघितल्या, आता माझी बघायला निघालेत!" त्या हसून पुढं गेल्या. तो खोटं बोललाच नव्हता, मग पकडणार काय?

स्टॉलवर कित्तूरकर उभेच होते. "आज तरी? शेवटचा दिवस आहे. बायकोला दाखवलीय मी ती पिशवी. तिला तसलीच पाहिजे."

टेबलाखाली सहा पिवळ्या पिशव्या उरल्या होत्या.

"देणार नाही," आळतेकर म्हणाला.

"अहो, एक पिशवी..."

"तुम्हाला जन्मात देणार नाही मी ती पिशवी! जावा इथनं!"

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. आळतेकर ओरडलेला कुणी कधी ऐकला नव्हता. कित्तूरकर तोंड वासून निघून गेले. आळतेकरानं वाकून उरलेल्या सहा पिशव्या टेबलाखाली आणखी आत सारल्या, आणि उभा राहताना त्याला जाणवलं की केतकी लांबून आपल्याकडं बघते आहे.

"जमेल ना तुला वर?" जवळ येऊन तिनं विचारलं. "नसेल तर मी दुसऱ्या कुणाला..."

"शपथ घेतलीय ना मी?"

"घेतलीयस."

"मग झालं तर."

*

साडेबारा. वरचं सभागृह गच्च भरलं होतं, कारण जेवणाची कुपनं मुख्य प्रायोजकाच्या कार्यक्रमानंतर दारातच मिळणार होती. व्यासपीठावर एक टेबल, त्यावर फुंकर. मागं भिंतभर पडदा. बाजूला खाली केतकी, ध्वनी आणि पडद्याची बटणं तिच्यासमोर. पहिल्या रांगेत कंपनीचे कोटवाले.

कुमुदबाई खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवर. त्यांना माईक लावला होता. आळतेकरानं नळी एकदा पुसली, पुन्हा पुसली आणि त्यांच्या हातात दिली. बाईंनी त्याच्याकडं एक नजर टाकली आणि नळी ओठांना लावली.

भिंतभर हिरवं पान उमललं. मोकळा श्वास!

टाळ्या. कॅमेरे. याच फोटोचा फलक होणार होता, आणि हाच फोटो सुनावणीच्या फायलीत लागणार होता. बाईंनी मान वळवून पानाकडं बघितलं आणि टाळ्या थांबेपर्यंत वाट बघितली.

"छान," त्या म्हणाल्या. "यंत्राचं झालं. आता आमचा एक जुना रिवाज आहे. हे गृहस्थ मला पस्तीस वर्षं थापा मारत आलेत, आणि मी त्या पकडत आलेय. काल उधारी ठेवली होती." त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. "हं, आळतेकर. सोडा."

सभागृह हसलं. कोटवाल्यांनी घड्याळं बघितली. आळतेकरानं केतकीकडं बघितलं. ती मान हलवत होती, इतकी हळू की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

निकालाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. ठीक आहे. निकालाबद्दल तो बोलणारच नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हरायचं होतं. आणि नेमक्या जागी हरायचं होतं. बाईंनी एक वाक्य आधी पकडलं तर ती नुसती थट्टा ठरणार होती. एक वाक्य नंतर, तर सगळं वायाच.

"आता हे तुम्हाला खरं वाटायचं नाही," त्यानं सुरुवात केली, आणि त्याचा आवाज त्याला परका वाटला. "पण काल खाली लातूरचे एक थोर सर्जन मालिशच्या खुर्चीत झोपी गेले. तोंडात शिक्क्यांची पुस्तिका. तीन स्टॉलवाल्यांनी त्यांच्या तोंडातच शिक्के मारले. जाग आली तेव्हा म्हणाले, दातांना काय झालंय?"

हशा. तिसऱ्या रांगेतला एक माणूस लाजून खाली बघायला लागला. पेन्सिल हलली नाही.

"दुसरे एक प्राध्यापक आमच्या नळीत असे फुंकले, की टोक उडालं ते भडंगाच्या परातीत. भडंगवाल्यानं म्हणे चार पाकिटं भरल्यावर ते शोधून काढलं. कुणाला सापडलं नसेल तर आज जेवताना जपून चावा."

पुन्हा हशा. कित्तूरकर जागेवरून ओरडले, "ते मीच!" बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. पेन्सिल तशीच.

"हेच प्राध्यापक पिवळ्या पिशवीसाठी माझ्याकडं तीनदा आले." आळतेकर आता हसत नव्हता. "तीनदा, बाई. एकदा रांगेत उभं राहून. मी दिली नाही. टेबलाखाली सहा शिल्लक होत्या, तरी दिली नाही. आज सकाळी तर चारचौघांत ओरडलो त्यांच्यावर. पस्तीस वर्षांत तुमच्या शिपायावरसुद्धा ओरडलो नव्हतो मी."

हसणं विरलं. ही कसली थाप, असं लोकांना वाटायला लागलं होतं. खाली केतकी ताठ झाली. लहानपणी बापाच्या स्कूटरवर पुढं उभी राहून ती बाईंच्या दवाखान्यात जायची, तिथं तिनं हा खेळ शंभरदा बघितला होता. कुठं चाललंय ते तिला आता कळलं. तिचा अंगठा माईकच्या बटणावर गेला. दाबलं की झालं, तांत्रिक बिघाड, आणि मग जेवण. पहिल्या रांगेतला कोटवाला तिला तेच खुणावत होता.

आळतेकरानं ते बघितलं. तो थांबला नाही, पण घाईही केली नाही.

"दोनशे चौदा माणसं आली काल. एकशे पंच्याण्णव जणांना मी पांढरी दिली आणि एकोणीस जणांना पिवळी. मोजून एकोणीस. त्यातली शेवटची तुम्हाला. देताना मी खुशीत होतो, बाई, फार खुशीत. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मी खुशीत होतो."

बाईंचा हात मांडीवरच्या पिशवीवर पडला आणि तिथंच राहिला. त्यांची नजर आता त्याच्यावर नव्हती. ती रांगांमधून फिरत होती. एक पिवळी. पलीकडं आणखी एक. मागच्या खांबाशी तिशीच्या आतली मुलगी, मांडीवर पिवळी. आणि तिथून ती नजर भिंतीवरच्या हिरव्या पानावर गेली.

केतकीचा अंगठा बटणावर होता. पहिला कोटवाला उठून तिच्याकडं यायला लागला. तिनं बापाकडं बघितलं. बाप तिच्याकडं बघत नव्हता. तो फक्त पेन्सिलीकडं बघत होता, शाळेतला पोरगा बाईंच्या छडीकडं बघतो तसा.

तिनं अंगठा उचलला आणि दोन्ही हात मांडीत घेतले.

"रंगाचं काय एवढं," आळतेकर म्हणाला, आणि हे वाक्य त्यानं घाईघाईनं पुढं ढकललं. "हाताला येईल ती देत गेलो."

टक्‌.

"खोटं," कुमुदबाई म्हणाल्या.